मागचं डावं

सोमवारी तेहतीस भरली.
बुधवारी अठ्ठावीस.
शनिवारी सकाळी गाडी मागच्या डाव्या अंगावर कललेली,
दाढ दुखणाऱ्या माणसासारखी.

खाचेखाचेतून बोट फिरवलं. खिळा नाही.
शिंपल्याची एक कपची निघाली, वाटलं हीच,
पण ती नुसतीच येऊन बसली होती.

मी पेट्या दुरुस्त करतो. भजनाच्या.
आजगाव, आरवली, मोचेमाड, तळवडं,
कुठल्या मंडळाची पेटी कुठं हवा सोडते मला पाठ आहे.
सगळे स्टॉप बंद, भाता भरून धरायचा
आणि मनात आकडे मोजायचे.
विसापर्यंत टिकला तर बरं.
बाराला बसला तर कातडं,
नवाला बसला तर घडीचा कोपरा,
आणि बोट न लावता गांधार वाजायला लागला
तर उंदीर.

असा मी.
आणि स्वतःच्या चाकाची हवा कुठं जाते ते कळेना.

उभादांड्याच्या तिठ्यावर पास्कू ब्रिटो.
त्यानं आधी वॉल्वला थुंकी लावली.
दोघं त्या थेंबाकडे बघत राहिलो,
तापमापक लावलेल्या पोराकडे बघावं तसे.
थेंब फुगला नाही.
तरी पिन बदलली. पंधरा रुपये.

दोन दिवसांनी तीस. मग सत्तावीस.

पुन्हा तिठा. चाक काढून हौदात.
हौद म्हणजे आडवा कापलेला निळा पिंप,
डासांसाठी त्यात सोडलेले गप्पी मासे.
बुडबुडा आला!
तो माशाचा निघाला.
"रातीक किती नि सकाळी किती, ता लिवन ठेव," पास्कू म्हणाला,
"नि गाडी चलवन इल्यार मापू नको.
तापलेलो माणूस नि तापलेलो टायर
खरा सांगणत नाय."

जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहीत गेलो.
रात्री ३२, सकाळी ३१.
रात्री ३१, सकाळी २९.
बायको म्हणाली, साखर तपासतोस तशी लिहितोयस,
तीही तपासून घे एकदा.

तिसऱ्या खेपेला निरम्याचं पाणी आणि रंगाचा ब्रश.
पास्कू चाक मांडीवर घेऊन बसला,
हळूहळू फिरवत,
आणि जिथं रबर लोखंडाला टेकतं तिथं,
बोटभर जागेत,
कुर्लीच्या तोंडाशी येतो तसा
बारीक फेस.

"गाडी खंय लावतंस?"
सुरूच्या बनात. दर्याकडे तोंड करून.
"नि निवतीक वाळयेर घातलंलंस?"
एकदाच. माघात. पेटी होडीतून उतरवायची होती.
त्यानं मान हलवली, हसला नाही.
"खारो वारो," म्हणाला.

टायर उतरला. रबर शाबूत, वॉल्व शाबूत,
रिमच्या काठावर मात्र गंज फुगलेला,
जांभ्यासारखा लाल, भोकाभोकांचा.
बाहेरच्या हवेनं कुरतडून कुरतडून
आतल्या हवेला वाट करून दिली होती.

तारेचा ब्रश, काचकागद, काळा डिंक.
तीनशे.
"पंधरा वजा कर," पास्कू म्हणाला,
"वॉल्व चांगलो होतो."

आज नववा दिवस. तेहतीस. तेहतीस.
तरी उठल्या उठल्या चूळ भरायच्या आधी
मी तिथं उकिडवा बसतो.

आणि काल मोचेमाडची पेटी पुन्हा आली.
तिचं कातडं मी दोनदा बदललंय,
दोन्ही वेळा बारा मोजून, दोन्ही वेळा खात्रीनं.
या खेपेला मोजलंच नाही.
भाता भरून धरला, पंखा बंद केला,
फळीच्या सांध्याकाठानं उदबत्ती फिरवली,
सावकाश, पास्कूसारखी.
मागच्या कोपऱ्याशी धूर
वाकला.

सरसाची एक चीर. दहा मिनिटांचं काम.

दोन कातड्यांचे मंडळाचे अठराशे रुपये.
अजून दिलेले नाहीत.
लिहून ठेवलेत,
त्याच पावतीपुस्तकाच्या पाठीवर,
तेहतीसच्या खाली.